मौन सोडल्यावरचा पहिला शब्द

माझी जाऊ आता कोराडीला तिच्या मुलीकडे राहते, वीजकेंद्राच्या कॉलनीत, दुसऱ्या मजल्यावरच्या क्वार्टरमध्ये. नागपुरातल्या आमच्या घरातून तिला तिथे पोचवलं ते मी. त्यासाठी मला काही करावं लागलं नाही. मी फक्त गप्प बसले. याची लाज वाटते का असं कोणी विचारलं तर वाटते असंच सांगेन. पण आधी बरं वाटलं होतं, फार बरं वाटलं होतं, आणि ते लपवून ही गोष्ट सांगण्यात अर्थ नाही.

मी एका खासगी हॉस्पिटलात रिसेप्शनवर काम करते. वीस वर्षं झाली. सकाळी आठपासून दुपारी चारपर्यंत माझं काम म्हणजे बोलणं. टोकनचे नंबर पुकारायचे, कोणता डॉक्टर कुठल्या खोलीत ते सांगायचं, एक्सरे तळमजल्यावर आहे हे दिवसातून साठ वेळा सांगायचं, रडणाऱ्याला बसा म्हणायचं, ओरडणाऱ्यालाही बसा म्हणायचं. सात-आठ वर्षांपूर्वी माझा घसा बसला. आमच्याच डॉक्टरांनी तपासलं आणि तीन दिवस एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंही नाही, अशी तंबी दिली.

पहिले दोन दिवस मी चिडचिडत काढले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेले आणि टाकीच्या आडोशाला तशीच बसून राहिले. काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. काही दिसलं नाही, ऐकू आलं नाही. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी होत होती, खाली गल्लीत टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, सगळं रोजचंच होतं. फक्त त्या अर्ध्या तासात माझ्याकडून कोणाला काही नको होतं आणि मलाही कोणाकडून काही नको होतं. देवाकडूनसुद्धा नको होतं. खाली उतरले तेव्हा पाय हलके झाले होते. मी चिपाट बाई नाही, चांगली जाडजूड आहे, तरी हलके झाले होते.

मग मी रविवार धरला. रविवार माझ्या सुट्टीचा. उठल्यापासून दिवेलागणीपर्यंत बोलायचं नाही. हातांनी सगळी कामं करायची, तोंडाने नाही. सकाळी तासभर गच्चीवर बसायचं. आसन नाही, माळ नाही, मंत्र नाही. एकच सूट ठेवली होती, कोणाच्या जिवावर बेतलं तर बोलायचं. ती एकदा वापरलीही. गल्लीत एक मूल उघड्या चेंबरकडे चाललं होतं तेव्हा मी गच्चीवरून ओरडले होते.

लोकांना हे पचत नसे. हॉस्पिटलातल्या सिस्टर विचारत, "कोणाच्या बैठकीले जाता तुम्ही?" मी म्हणे, कोणाच्याच नाही. "मंग अनुग्रह कोणाचा?" कोणाचाच नाही. एका बाईंनी मला समजावलं की असं आपल्या मनाने केलेलं लागू पडत नाही, वरून कोणीतरी दिलेलं असावं लागतं. दुसरीने शिबिराचं पत्रक आणून दिलं. त्यात मौनाचे दहा दिवस होते आणि सोबत जेवणाचा तक्ता. माझ्या नवऱ्याला मात्र काही अडचण नव्हती. तो उमरेडला कोळसा खाणीच्या ऑफिसात आहे, रोज बसने जाणं-येणं करतो, रविवारी दमलेला असतो. कोणी विचारलं की म्हणे, "सहा दिवस बोलते, एक दिवस नाही बोलत. मले तर फायदाच हाय."

अडचण होती ती माझ्या जावेला.

आमचं घर इतवारीच्या मागच्या बाजूला. सासरे विणकर होते. खालच्या खोलीत पूर्वी दोन माग होते, त्या जागी आता पुतण्याची मोटरसायकल उभी असते. मोठे दीर वारले. त्यांच्या मागे जाऊबाई, त्यांचा मुलगा आणि सून, शिवाय आम्ही तिघं, मी, नवरा आणि मुलगी. मोठी पुतणी लग्न होऊन कोराडीला गेलेली. स्वयंपाकघर एक, आणि ते जाऊबाईंचं. फोडणी त्यांनी घालायची, दुधाचं भांडं त्यांनी उतरवायचं, कोणी किती पोळ्या खाल्ल्या हे त्यांना माहीत असायचं. त्या माझ्याहून अकरा वर्षांनी मोठ्या. लग्न होऊन आले तेव्हा वड्याचं पीठ किती भिजवायचं ते मला त्यांनीच शिकवलं. हेही सांगायला हवं.

देवघर स्वयंपाकघराला लागूनच, तेही त्यांचं. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, सगळं त्या करत. मी करत नसे. त्यावरून त्यांनी मला कधी फारसं टोकलं नाही. नोकरी करणारी बाई, वेळ नाही, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. पण वेळ नाही म्हणणारी ही बाई रविवारी तासभर गच्चीवर नुसती बसते हे कळलं तेव्हा त्यांचं बिनसलं.

"देवाले द्याले तुले टाइम नाही," त्या म्हणाल्या, "आन् टाकीपाशी बसाले हाय?"

रविवार असल्यामुळे मी उत्तर दिलं नाही. मी कणीक मळत राहिले. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा मळत राहिले. मला वाटतं तेव्हाच त्यांच्या मनात काही बसलं.

माझ्या मुलीला स्थळ आलं तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. मुलगा शिकलेला, स्वभावाने शांत, नागपुरातलाच. सोयरीक सुचवणाऱ्या बाई आमच्या ओळखीतल्या, इतवारीत भांड्यांच्या दुकानाच्या वर राहणाऱ्या. मुलाकडचे येऊन गेले, पोहे झाले, दोघं अर्धा तास गच्चीवर बोलले. नंतर ते रोज फोनवर बोलू लागले. माझी मुलगी जेवताना फोन उलटा ठेवायची आणि दर मिनिटाला सुलटा करून बघायची. महिनाभर असं चाललं. मग एक दिवस त्यांच्याकडून निरोप आला, पत्रिकेत काहीतरी अडतंय म्हणून. पत्रिका तर त्यांनी आधीच पाहिली होती. मुलाने फोन उचलणं बंद केलं.

मुलगी आठ दिवस रडली नाही. नवव्या दिवशी भाजी निवडता निवडता रडली. मला काहीच कळत नव्हतं.

दोन महिन्यांनी मला त्या सोयरिकीच्या बाई भेटल्या. मी एका नातेवाइकाच्या वास्तुशांतीसाठी तांब्या-पेला घ्यायला गेले होते. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "सांगू का नको, असं होऊन राहिलं मले. पण मुलगी गुणाची हाय तुमची, म्हणून सांगते. तुमच्या जाऊबाईंनी त्या लोकायले फोन केला होता."

"काय म्हणून?"

"म्हणाल्या, मुलीची आई रविवारी बोलत नाही. एकटीच टाकीपाशी बसून राहते, कोणाशी तरी मनात बोलते. डोक्याचं काही असन तर मुलीतही उतरते, नीट पाहून घ्या."

मी तांब्या हातात धरून उभी होते. दुकानदार विचारत होता, नाव टाकायचं का. मी हो म्हटलं आणि कोणाचं नाव ते सांगायचं विसरले.

घरी येऊन मी जाऊबाईंना काही विचारलं नाही. नवऱ्यालाही नाही. त्याने मोठ्या आवाजात विचारलं असतं, त्या रडल्या असत्या, चार लोकांनी जाऊ द्या म्हटलं असतं, आणि मलाही जाऊ दे म्हणावं लागलं असतं. ते मला नको होतं. फक्त मुलीला सांगितलं, तिला कळायला हवं म्हणून. तिने शांतपणे ऐकलं. मला वाटलं ती काकूंवर चिडेल.

ती म्हणाली, "आई, तू एक दिवस बोलली असतीस तर काय झालं असतं?"

पुढच्या महिन्यात तिने पुण्याची नोकरी घेतली. तिथून ती फोन करायची तो रविवारीच, सकाळी अकराला. रविवारी मी बोलत नाही हे तिला माहीत होतं. ती बापाशी बोलायची.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी गच्चीवर बसले, डोळे मिटले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला काहीतरी हवं होतं. जाऊबाईंचं वाईट व्हायला हवं होतं. किती आणि कसं हे मी बारकाईने ठरवू लागले. त्यांना असं काही व्हावं की त्या खरं सांगत असतील आणि कोणी मानणार नाही. त्यांना कोणीतरी वेडी म्हणावं. तासभर मी हेच करत बसले. दुसऱ्या रविवारी पण तेच. मन इतकं एकाग्र झालं की ज्या लोकांनी मला शिबिराची पत्रकं दिली त्यांना हेवा वाटावा.

आठवड्याच्या मधल्या दिवसांत छोटे छोटे सूड घेतले. त्यांना डोळ्यांचा त्रास होता, आमच्याच हॉस्पिटलात दाखवत. पूर्वी मी त्यांना मागच्या दाराने नेऊन पहिल्या पाचांत बसवायचे. आता म्हटलं, "बाई, नियम बदलले. टोकन घ्या लागते." त्यांना एकशे बारा नंबर मिळाला. त्या अडीच तास प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होत्या. मी समोर, काचेच्या मागे. त्यांचा नंबर आला तेव्हा मी माइकवर पुकारला, "टोकन क्रमांक एकशे बारा, खोली क्रमांक चार." त्यांनी माझ्याकडे ओळखीने पाहिलं. मी पुढचा नंबर पुकारला.

त्या चुकत होत्या, हेही खरं. वय झालं होतं, विसरायला लागल्या होत्या. एकदा नळ चालू राहिला, एकदा डाळ करपून कुकर काळा झाला. सून त्यावरून बोलू लागली होती. मी ते ऐकत असे आणि सुनेची बाजूही घेत नसे, त्यांचीही नाही.

मग तो रविवार आला.

सकाळचे सात वाजले असतील. मी गच्चीवर जाताना स्वयंपाकघरावरून गेले. पुतण्या आत उभा होता, गॅसवर चहाच्या पातेल्यात दूध ठेवलेलं, त्याला जिमला जाण्याआधी चहा लागतो. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो बोलत बोलत बाहेर आला, माझ्या शेजारून खाली उतरला, आणि मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. दूध गॅसवर आहे हे माझ्या लक्षात आलं होतं. सून उठलेली होती, न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत होता. ती बघेल असं वाटलं. खरं तर मी फार विचार केला नाही. मी वर गेले.

अर्ध्या तासाने खालून किंचाळी ऐकू आली. मी धावत उतरले. घरभर गॅसचा वास. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती आणि बटण चालूच. देवघरात जाऊबाई, एका हातात काडेपेटी, आणि त्यांचं मनगट सुनेने घट्ट धरलेलं. त्या निरांजन लावायला बसल्या होत्या. सर्दीने त्यांना वास आला नव्हता. एक काडी ओढली गेली असती तर मी हे लिहायला नसते.

खिडक्या उघडल्या, सिलिंडर बंद केला. नवरा उठून आला. पुतण्या पण परत आला. मग सून बोलू लागली. कुकर, नळ, आता हे. आज आपण सगळे जळून गेलो असतो.

"मी गॅसजवळ गेलीच नाही," जाऊबाई म्हणाल्या. "उठली, आंघोळ केली, इथं बसली. दूध मी नाही ठेवलं."

"मंग कोणी ठेवलं आई?" पुतण्या म्हणाला. "तू विसरली असशीन."

त्याला आठवत होतं की नाही, मला आजही ठाऊक नाही. त्याचा चेहरा अगदी साधा होता.

जाऊबाईंनी सगळ्यांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे वळल्या. "तू गेली न वं वरती सकाळी? इथूनच गेली. तू पाह्यलं असशीन. सांग न यायले, मी होती का गॅसपाशी?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मला जी सूट होती, जिवावर बेतल्याची, ती त्या सकाळी होतीच. एक वाक्य पुरलं असतं. मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. तिथे भीती होती. चोरी पकडल्याची ती भीती नव्हती, आपलं डोकं खरंच जातंय की काय, याची होती. मला जे हवं होतं ते समोर उभं होतं. मी दोन्ही हात जोडले आणि मान हलवली. आज रविवार.

सून म्हणाली, "काकूंचं मौन असते, आई. त्यायले कायले मधात ओढता?"

माझ्या छातीत काहीतरी गोड पसरलं. दुसरा शब्द मला सापडत नाही. लहानपणी उमरेडला आजोळी गेले की मामी तापल्या दुधावरची साय गूळ घालून द्यायची, तसं गोड. मी वर गेले आणि तासभर बसले. त्या दिवशी माझं मन कुठेही भटकलं नाही.

संध्याकाळी दिवे लागले. दिवसभर गप्प राहिल्यावर पहिला शब्द चांगला निघावा असा माझा कटाक्ष असे. कोणाचं तरी नाव घ्यायचं, नाहीतर जेवा म्हणायचं. नवरा वाटच बघत होता. त्याने हळूच विचारलं, "तुह्यासमोर काही झालं होतं का सकाळी? वहिनी लयच खात्रीनं सांगून राहिली होती."

"नाही," मी म्हणाले.

तो पहिला शब्द होता.

सोमवारी मी हॉस्पिटलात दिवसभर बोलले. मंगळवारीही. घरी काय काय ठरत होतं ते ऐकत राहिले. जाऊबाईंनी शेगडीला हात लावायचा नाही. मग स्वयंपाकघरात यायचं नाही. त्या देवघराच्या उंबऱ्यावर बसत आणि सून स्वयंपाक करताना बघत, हिंग आधी टाक म्हणत, आणि सून न ऐकल्यासारखं करी. दोन महिन्यांत त्या वाळल्या. मग पुतणी कोराडीहून आली आणि आईला घेऊन जाते म्हणाली. जाताना जाऊबाईंनी देव नेले नाहीत. पिशवीत दोन लुगडी, औषधं, आणि त्यांचा खलबत्ता. मी दारापर्यंत गेले. त्या माझ्याशी काही बोलल्या नाहीत. शनिवार होता.

नंतरचे तीन-चार महिने मी सुखात काढले. दर रविवारी गच्चीवर बसून मी तोच प्रसंग पुन्हा चालवायचे. त्यांचं वळणं, तो प्रश्न, माझे जोडलेले हात. दर वेळी तोच गोडवा. पुढे तो कमी होऊ लागला. मग मी त्यात भर घालू लागले, त्या रडल्या असं, हात जोडले असं, जे झालं नव्हतं ते. पुढे पुढे त्यानेही भागेना. एका रविवारी बसले आणि तासभर नुसती गुडघा खाजवत राहिले. एकदा मला वाटलं, चला आता संपलं, जुनं ते स्वस्थपण परत येईल. ते आलं नाही. मी त्या जागी इतकं काही करून ठेवलं होतं की तिथे आता गप्प बसता येत नव्हतं.

पण त्यातून मी जो निष्कर्ष काढला तो पश्चात्तापाचा नव्हता. मला वाटलं, सूड अर्धाच झाला. ज्याच्यावर घेतला त्याला कळलंच नाही तर त्याला सूड कसं म्हणायचं. त्यांना वाटतंय त्या विसरल्या. त्यांना कळायला हवं की मी पाहिलं होतं, मला माहीत होतं, आणि मी मुद्दाम बोलले नाही.

म्हणून मी रजा टाकली आणि बुधवारी कोराडीची बस धरली. कॉलनीच्या रस्त्याला कोळशाचे ट्रक उभे होते, झाडांच्या पानांवर राखेचा थर. क्वार्टरचं दार उघडंच होतं. पुतणी ड्युटीवर, जावई ड्युटीवर. आतून फोडणीचा वास येत होता.

जाऊबाई गॅसपुढे उभ्या होत्या. अंगाने चांगल्या भरल्या होत्या. शेगडीवर वांगं, बाजूला कणीक, आणि ओट्यावर तो खलबत्ता. मला पाहून त्यांना आश्चर्य वाटलं नाही.

"ये," त्या म्हणाल्या. "बस. पाणी घे तिथलं."

मी बसले नाही. पाठ करून आणलेलं वाक्य मी उभ्यानेच म्हटलं. "बाई, त्या दिवशी दूध तुमच्या लेकानं ठेवलं होतं. मी पाह्यलं होतं. मले माहीत होतं आन् मी मुद्दाम बोलली नाही."

त्यांनी वांग्यावर झाकण ठेवलं, गॅस बारीक केला.

"मले माहीत हाय," त्या म्हणाल्या. "ते पातेलं चहाचं होतं. मी कधी त्यात दूध तापवलं का? दुसऱ्या दिवशी घासाले पडलं तवा माह्या ध्यानात आलं."

"मंग तुम्ही सांगतलं काहून नाही?"

"काय सांगू? पोराचं नाव घेऊ? सून त्याले उभा जाळते. मी म्हातारी, माह्यावर गेलं तर गेलं." मग म्हणाल्या, "आन् तुहं तर मी तवाच ओळखलं. हात जोडले न तू, तवाच."

मी जे द्यायला आले होते ते त्यांच्याकडे आधीच होतं. माझे कान तापले. मी विचारलं, "माह्या पोरीच्या सोयरिकीत फोन काहून केला तुम्ही?"

त्यांनी कणकेचा गोळा घेतला आणि लाटायला लागल्या.

"तुहे भाऊजी गेले," त्या म्हणाल्या. "सहा दिवस तू कामावर, पोरगा कामावर. मी रविवारची वाट पाहत बसो. आन् रविवारी तू घरात, माह्या बाजूले उभी राहून भाजी चिरते, आन् तोंड बंद. मी विचारते आन् तू मळत राहते. मले वाटे, मी कोण हावो इथं? फोन केला तवा राग होता. पोरीचं मोडन असं नाही वाटलं."

"तुमाले वाटलं होतं," मी म्हणाले.

"हाव," त्या म्हणाल्या. "थोडं वाटलं होतं."

त्यांनी माफी मागितली नाही. मीही मागितली नाही. त्यांनी ताट वाढलं आणि मी जेवले, कारण मला भूक लागली होती आणि वांगं त्यांच्यासारखं कोणी करत नाही. परतीच्या बसमध्ये मला रडू आलं ते रागाने. मी त्यांचं स्वयंपाकघर काढून घेतलं होतं आणि त्यांना दुसरं मिळालं होतं. शिवाय, त्यांनीच वाढताना सांगितला तो, भाजी मागून खाणारा जावई.

पुढच्या रविवारी सकाळी सगळे पोह्यांना बसले होते. मी बोलले. सून दचकली, कारण रविवारी दिवसा तिने माझा आवाज ऐकलाच नव्हता. मी पुतण्याला म्हटलं, "त्या दिवशी दूध तू ठेवलं होतं. फोन आला आन् तू निंगून गेला. मी पाह्यलं."

पुतण्याने चमचा खाली ठेवला. सुनेने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आन् काकू, तुम्ही आता सांगून राहिल्या?" नवरा उठला आणि बाहेर गेला. ते मी चांगुलपणाने बोलले असं कोणी समजू नये. जाऊबाईंनी मुलाला वाचवलं होतं, ते मला मोडायचं होतं. पण बोलून झाल्यावर त्या संध्याकाळी नवऱ्याला खोटं बोललेलं ते 'नाही' घशातून थोडं सुटलं, हेही खरं.

पुतण्या आईला आणायला कोराडीला दोनदा गेला. त्या आल्या नाहीत. दुसऱ्या खेपेला त्यांनी त्याच्याजवळ माझ्यासाठी डब्यात लोणचं पाठवलं. सुनेने ते माझ्यापुढे ठेवलं आणि निघून गेली. ती अजूनही कामापुरतंच बोलते. नवऱ्याला मी त्या फोनचंही सांगून टाकलं. पंधरा दिवसांनी तो पहिल्यांदा म्हणाला, "तुले एवढा राग होता, मले एकदा तरी सांगाचं." मी म्हटलं, सांगितलं असतं तर तू जाऊ दे म्हणाला असतास. त्याने विचार केला आणि म्हणाला, "हाव, म्हटलं असतं."

मुलीला मी सगळं फोनवर सांगितलं. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "काकूंचं लोणचं आहे का अजून? थोडं पाठव." एवढंच. त्यावरून तिने मला माफ केलं की नाही हे मला ठरवता आलेलं नाही आणि मी विचारलेलंही नाही.

जाऊबाईंना मी माफ केलेलं नाही. लोणचं चांगलं होतं, तरी नाही. कधी कधी दुपारी जेवणाच्या सुट्टीत, काचेमागचा माइक बंद केल्यावर, मी मागच्या जिन्यात दहा मिनिटं बसते. रविवारचं मौन मी सोडलं; या दहा मिनिटांचं कोणाला सांगत नाही, त्याला नावही देत नाही. बहुतेक वेळा तिथे मी आणि माझा रागच असतो, आणि आम्ही दोघं एकमेकांकडे काही न मागता बसतो. एखाद्या दिवशी तो उठून जातो. मग मी पदर सारखा करते आणि पुढचा नंबर पुकारायला जाते.